आवाज कुठे जातो

प्रिय वज्दी,

परवा फोनवर तू विचारलंस, "लॅपटॉप झाला का गं नीट?" आणि मी "हो, हो" म्हणून विषय बदलला. ते पुरतं खरं नव्हतं आणि तेव्हापासून मला चैन नाही. बिघाड सापडलाय. दुरुस्तीला फक्त एक बटण दाबायचं राहिलंय आणि ते मी दाबलेलं नाही. का, ते उम्मीसमोर सांगता येत नव्हतं आणि संध्याकाळी ती फोनपासून हलत नाही. आत्ता ती शेजारी हरिसाच्या चटणीसाठी मिरच्या निवडायला गेली आहे. दोघीतिघी जमल्या की मिरच्या कमी आणि माणसंच जास्त निवडतात, त्यामुळे मला वेळ आहे.

आपल्या बाबांना जाऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर मी अरबीच्या ऑनलाइन शिकवण्या पुन्हा सुरू केल्या. माझा पूर्वीचा टॅब बिघडलेला, म्हणून या वेळी तुझ्याच त्या लॅपटॉपवर. पहिल्याच सकाळी फ्रान्समधल्या ल्योंची ती जुळी मुलं पडद्यावर आली, त्यांची तोंडं हलत होती, आवाज नाही. माझं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, त्यांचं मला नाही. शेवटी धाकटीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं, 'बाई, तुम्ही बहिऱ्या झालात?' लेकराला काय ठाऊक. मी हसले आणि वर्ग संपल्यावर नळ सोडून रडले.

मग तू शिकवलंस तसं एकेक बघत गेले. आवाजाची पट्टी वर होती. काळ्या खिडकीत आवाजाचा मिक्सर उघडला, कुठल्याच खांबाखाली मुकेपणाची खूण नव्हती. आवाज सांभाळणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. इंटरनेटवरच्या एका मंचावर कुणीतरी लिहिलं होतं, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, बदला. तेही भीतभीत केलं, करण्याआधी सगळ्या फायलींची प्रत काढून. काही नाही. मग पेनड्राइव्हवरच्या कोऱ्या लिनक्सने लॅपटॉप चालू केला, आणि घर भरून आवाज आला! म्हणजे स्पीकर शाबूत होते. आपल्या नेहमीच्या सिस्टिममध्ये परत आले, की पुन्हा शुकशुकाट. "अगं वेडे, आधी दार उघडं आहे का बघ, मग भिंत फोड," असं तू म्हणाला असतास. पण दार कुठलं, तेच कळेना.

त्याहून विचित्र म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर आवाज आपोआप परत यायचा. मी काही न करता. सकाळी उम्मीचा चहा झाला, की पुन्हा गप्प. यंत्राला सूर्य कळतो का, वज्दी? मी मुलांच्या आयांना कळवून सगळे वर्ग संध्याकाळी घेतले. कारण 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहिलं आणि ते खोटं तर नाही ना, याचा दिवसभर विचार करत बसले. त्यात दुपारी कधीकधी बाबांच्या बंद खोलीतून शीळ यायची. बारीक, लांबट, मध्येच तुटणारी. मी भीती जावी म्हणून कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी मुद्दाम आपटायचे. उम्मीला विचारलं तर म्हणाली, "असेल एखादं पाखरू." आणि पापड्या तळत राहिली. बंद खोलीत पाखरू, आणि तिला त्याचं काहीच वाटू नये, याचं मला नवल वाटलं.

गेल्या गुरुवारी सकाळी मी पुन्हा बसले. गाणं लावलं. खोलीत काही नाही. पण या वेळी मीटर उघडून बघितला आणि त्यातली हिरवी पट्टी नाचत होती! लॅपटॉप गात होता, वज्दी. पूर्ण जोरात गात होता. फक्त इथे नाही. मी खालची यादी उघडली. आवाज कुठे पाठवायचा, ती जागा. तिथे स्पीकरवर खूण नव्हती. खूण दुसऱ्या नावापुढे होती, आणि ते नाव तू ठेवलेलं आहेस. 'बाबा'.

तुला आठवत असेल. नवी श्रवणयंत्रं आली तेव्हा तूच ती ब्लूटूथने जोडून दिलीस. बाबा लॅपटॉप इतक्या मोठ्याने लावायचे की आवाज घरभर घुमायचा, उम्मी वैतागायची, म्हणून तू असं बसवलंस की यंत्रं चालू झाली रे झाली, की लॅपटॉपचा सगळा आवाज थेट त्यांच्या कानात. बाबा सामने बघायचे आणि आम्हाला फक्त त्यांच्या शिव्या ऐकू यायच्या. पण आता ती यंत्रं चालू कोण करतं? चार्जरच्या डबीत असली की ती बंद असतात. बाहेर काढली तरच जागी होतात.

मी बाबांच्या खोलीचं दार ढकललं. उम्मी पलंगाच्या कडेला बसली होती. उशी थोपटून नीट केलेली, आणि डोकं टेकायचं त्या खळग्यात ती दोन यंत्रं, एक डावीकडे, एक उजवीकडे, जशी कानांना असायची तशी. त्यांतून माझं गाणं डासासारखं गुणगुणत होतं. तिने ओंजळीत एक यंत्र उचललं आणि लगेच ती शीळ आली. तीच शीळ. मी दाराला धरून उभी राहिले. ती म्हणाली, "घाबरतेस काय? बूट दिले, कोट दिला, चष्मासुद्धा मशिदीत दिला. ही कुणाला देऊ? ती त्यांच्याच कानाचा साचा घेऊन केलेली. दुसऱ्या कुणाच्या कानात बसायची नाहीत." रोज सकाळी उम्मी ती डबीतून काढून उशीवर ठेवते आणि संध्याकाळी परत डबीत, बाबा जिवंत असताना करायची तसंच. आवाज तिकडे येतो हे तिला माझ्या आधीच कळलं होतं. अंथरूण झाडताना तिने मुलांचा अलिफ-बा ऐकला होता. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तू एवढी शिकलेली. मला वाटलं, तू मुद्दामच लावतेस त्यांच्यासाठी."

आणि आता जे लिहायचं ते अवघड आहे. मी बाजारात गेले, की उम्मी लॅपटॉप उघडते आणि तू आवाजात पाठवलेले निरोप लावते. एकेक, पहिल्यापासून. लावते आणि उशीपाशी जाऊन बसते. तू समुद्रापलीकडे मार्सेयला गेल्यानंतर तुझा फोन आला की बाबा काय करायचे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आम्ही तुला सांगायचो, ते झोपलेत, ते बंदरावर गेलेत. ते समोरच असायचे. दोन्ही यंत्रं कानांतून काढायचे, चहाच्या पेल्याशेजारी ठेवायचे आणि अंगणाकडे बघत बसायचे. भांडण संपवायची त्यांची ती रीत होतीच, उम्मीशीसुद्धा. "तीस वर्षं बंदराच्या रेडिओवर बसून बुडणाऱ्यांच्या हाका ऐकल्या," एकदाच म्हणाले होते, "आणि हा त्याच पाण्यात उतरला, मला न सांगता. आता काय ऐकवतोय? मार्सेयची हवा?" त्या उशीपाशी उम्मी मला म्हणाली, "जिवंतपणी काढून ठेवायचे. आता काढून दाखवा म्हणावं!" आणि हसली. मीही हसले. 

आजारपणात ते विचारायचे, हे मात्र मी शपथेवर सांगते. तुझं नाव घेऊन नाही. "उत्तरेकडचा वारा कसा आहे?" असं. मला अक्षरं शिकवली ती त्यांनीच, घरी, रेडिओवाल्यांच्या पद्धतीने, प्रत्येक अक्षराला एक जहाज देऊन. त्यामुळे उत्तरेकडचा वारा म्हणजे तू, हे मला कळायचं. मी म्हणायचे, "ठीक आहे, बाबा. शांत आहे." ते मान हलवायचे.

तर बटणाचं. 'हे यंत्र विसरा' असं त्यावर लिहिलंय, अगदी याच शब्दांत. ते दाबलं की दिवसा मला मुलं ऐकू येतील. मला ते हवंच आहे. पण त्याच गुरुवारी सकाळी उम्मी म्हणाली, "त्याचं सगळं ऐकवून झालं. हवा, काम, पाठदुखी, ट्रामचा संप. तेच तेच किती लावू? वज्दीला सांग, जे त्याने सांगितलंच नाही ते सांगायला." मी म्हटलं, उम्मी, हे बरोबर आहे का, असं करणं धर्मात बसतं का. ती म्हणाली, "कबरीपाशी उभं राहून बोलतात ना लोक? त्याला यायला कागद नाहीत. तो कुठे उभा राहील?"  

म्हणून हे पत्र. वज्दी, येत्या रविवारी दुपारी, जोहरच्या नमाजानंतर, लॅपटॉपवर फोन लाव. तेव्हा यंत्रं उशीवर असतील. मी फोन उचलून पडदा भिंतीकडे फिरवीन, खोलीचं दार लावीन आणि उम्मीला घेऊन खजुराच्या बागेत जाईन. तिने तसं कबूल केलंय. तू त्या नावेत बसण्याआधी त्यांच्या दारापाशी का थांबला नाहीस, ते सांग, किंवा तुला जे सांगायचं असेल ते. ओरडायचं असेल तर ओरड. इथल्या स्पीकरमधून काही येत नाही, मी पुनःपुन्हा तपासलंय. फक्त एक कर, रेकॉर्ड करून पाठवू नकोस. फाईल माझ्या हाती राहिली, तर मी ती ऐकल्याशिवाय राहणार नाही, आणि ते तुमच्या दोघांचं आहे. तुझं बोलून संपलं, की फोन ठेव. त्यानंतर बटण दाबायचं की नाही, ते मला संध्याकाळी सांग.

तुझ्या होकाराची वाट बघणारी, तुझी बहीण,
दुर्रा