बशीतलं पाणी

ता. ३ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे, पुदिना बरा नाही. हसू नकोस. सात महिने हॉटेलात भांडी घासतोय, बोटांची सालटं निघालीत. भाज्या चिरायच्या टेबलावर एक जागा रिकामी होतेय. मोठ्या आचाऱ्यांना म्हटलं, मला घ्या. ते म्हणाले, दोन वर्षांत चार कामं सोडणाऱ्याच्या हातात मी सुरी देत नाही. महिनाअखेरपर्यंत एक कुंडी पुदिना हिरवा ठेवून दाखव, मग बोलू. सगळं स्वयंपाकघर खिदळलं. आता माघार कशी घेऊ?

तेलाच्या डब्यात काड्या लावल्यात. खोलीच्या खिडकीसमोर शेजारची भिंत, म्हणून डबा ट्यूबलाइटखाली ठेवलाय. पानं पिवळी पडतायत. खोलीतले दोघे, ड्रायव्हरकाका आणि रंगारी, येता-जाता वाकून बघतात नि मान हलवतात. काय चुकतंय ते लगेच कळव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ

ता. ९ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हे इतके हसले की चहा सांडला. डब्याला तळाशी भोकं पाडलीस का? नसशीलच पाडली. खिळ्याने चार पाड, खाली बशी ठेव. मातीत पेराएवढं बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आणि मुळं धरली का ते बघायला काड्या उपटू नकोस. लहानपणी माझा भोपळा तू रोज उकरून बघायचास. शेवटी तो बिचारा कंटाळून मेला.

आई रोज विचारते, अजून तिथेच आहे ना? मी हो म्हणते. मला खोटं पाडू नकोस.

वेळेवर जेव, आणि पत्राला आळस नको.
तुझी ताई

ता. १६ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भोकं पाडली, बशी ठेवली, बोट खुपसलं. माती कधी कोरडी लागतच नाही! मी तर चार दिवस थेंब घातला नाही. तरी बशी भरलेली. पानं काळी पडली, बारीक माश्या उडतायत, ओल्या गोणपाटासारखा वास येतोय.

परवा दुपारी लवकर आलो तर रंगारी हातात रंगाचा डबा घेऊन कुंडीवर वाकलेला. माझं टाळकंच फिरलं. ब्रश धुतलेलं पाणी माझ्या पुदिन्यात ओततोस काय, म्हणून नको नको ते बोललो. त्याने गादी गुंडाळली आणि शेजारच्या खोलीत झोपायला गेला. बरं झालं.

मला हे काम नको, ही खोली नको. पिशवी भरून ठेवलीय. पुढच्या शहरात गोदामात माणसं घेतायत म्हणे.

रागावलास तरी चालेल असं म्हणू नकोस, मी रागावलेलाच आहे.
तुझा भाऊ

ता. २१ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

पिशवीला हात लावायचा नाही. आधी डोकं चालव. रंगाचं पाणी असतं तर मातीला टर्पेंटाइनचा वास आला असता. तू तर गोणपाट म्हणतोस. तो जादा पाण्याने कुजण्याचा वास आहे. तू घालत नाहीस, तर घालतंय कोण? काकांना नीट विचार. आरडाओरडा न करता विचार, म्हणजे तुला अवघड जाईल ते.

मला काळजी आहे, म्हणून एवढं झापते.
तुझी ताई

ता. ३ एप्रिल

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. काका सकाळी गाडीवरून आले की एक तांब्या घालायचे. रंगारी दुपारी जेवायला आला की एक डबा. सुरुवातीला मी संध्याकाळी. आमच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे कोणी कोणाला बघितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, पोरगं विसरतं, आपण घालू, त्याला सुरी मिळू दे. रंगाऱ्याचा डबा कोरा होता, ताई. रंग त्यात कधी भरलेलाच नव्हता.

शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो. चुकलं म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर पुदिना मेला. त्याने विचारलं, मग सुरीचं काय? मीच त्याची गादी उचलून परत आणली.

तीस तारखेला डबा आचाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी माती उकरून वास घेतला, कोणी केलं हे, विचारलं. खोलीतल्यांनी, असं अगदी ओठावर आलं होतं. मी केलं म्हटलं. जागा माझ्यानंतर आलेल्या पोराला दिली. संतापाने मी कढई अशी आपटली की कान वाकला तिचा. मग म्हटलं, मला आणखी एक महिना द्या. ते म्हणाले, जागा हुकली की पोरं इथून चालती होतात, तू महिना मागतोस? हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बाजारच्या जुडीतल्या पाच काड्या माझ्या खिशात कोंबल्या आणि मोरीकडे बोट दाखवलं.

चाळीस भांडी होती. घासली. वाकलेली कढई सरळ करायला तेवढा तास गेला.

थोरांना नमस्कार, तुला शिव्या.
तुझा भाऊ