तुटायचाच तुकडा

४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू शाफ्टाबरोबर भरलेला नमुन्याचा तुकडा आमच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत पोचला. खाच पाडून झोक्यासारख्या झुलत्या हातोड्यासमोर ठेवला, तर एका फटक्यात बिस्किटासारखा तुटला. वेल्डिंग मात्र देखणं, लग्नाच्या फोटोतल्या तुझ्यासारखं. तुटलेली कड चमकत होती, म्हणजे वेल्डिंगने भरलेल्या थरालगतचं लोखंड ठिसूळ झालंय. मी नापास लिहिलं. वाईट वाटलं, पण तुझा तो शाफ्ट बाबांच्या मशीनमध्ये बसणार. फिरता फिरता मोडला तर शेजारी तेच उभे असतील.

रागावू नकोस, लोभ ठेव.
तुझी (कालपर्यंत लाडकी) भाची

९ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

रागाने मी जेवलो नाही असं मामी सांगेल. खोटं आहे, दोनदा वाढून घेतलं. झिजलेले शाफ्ट भरण्यात माझे केस गेले आणि तू कालची पोर मला नापास करतेस!

मग मामीने विचारलं, शाफ्टासारखा तुकडाही घोंगडीत गुंडाळून सावकाश निवू दिला होता का. मी म्हटलं, तो तर तुटायचाच होता, त्याला कशाला घोंगडी? दारातल्या वाऱ्यात ठेवला. तिने कपाळावर हात मारला. पण शाफ्ट खणखणीत आहे, पोरी. तुझ्या बाबांसाठी मी त्याच्याजवळून हललो नाही. माझ्या शब्दावर पास कर.

तुझा नापास मामा

१३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दावर विहिरीत उडी घेईन, सही करणार नाही. शाफ्टाच्याच जाडीचा दुसरा तुकडा घे आणि शाफ्टाचे केलेस ते सगळे लाड त्याचेही कर. बाबांना काही बोलले नाहीये. मशीन बंद, म्हणून ते घरभर फेऱ्या घालून आईला वैताग आणताहेत.

माया पातळ करू नकोस.
तुझी भाची

२१ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुकडा पाठवलाय. मामी म्हणते, इतकं पांघरूण मी तिच्यावर कधी घातलं नाही. आता तोड.

मामा

२८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

या वेळी सगळा जोर तुकड्यातच जिरला, हातोडा पलीकडे जेमतेम झुलला. तुकडा आधी वाकला, मग कुरकुरत फाटला. कड राखाडी, खरबरीत. मी पास लिहिलं आणि टेबलाशी बसून थोडं रडले.

काल मशीन सुरू झालं. बाबांना सगळं सांगितलं, तर मेहुणा नापास झाला म्हणून ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग म्हणाले, तो पहिला तुकडा तू मामाच्या शब्दावर सोडला असतास, तर मी तुला सोडलं नसतं. आज ते शीळ घालत कामाला गेले.

मामीला घोंगडी दे.
तुझी (पुन्हा लाडकी) भाची