बांधावरची वाट

सर अँब्रोज साहेबांना,

डॉर्कस म्हातारीचा वाकून मुजरा. वाकले आहे ती वयामुळे, गैरसमज नको.

लाच खाल्ली म्हणून पार्लमेंटानं तुम्हाला हाकललं आणि तुम्ही गावी येऊन चंद्रकोरीसारखी तळी खोदलीत. हात धुवायला एवढं पाणी लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तीच तळी खोदताना माझा नवरा एनॉक चिखलाखाली गाडला जाऊन मेला. चर्च तुमच्या बांधावरून हाकेच्या अंतरावर, पण तुम्ही म्हणालात, "पाहुणे आलेत. मढं डोंगरामागून न्या." आम्ही ते पावसातून दिवसभर वाहिलं.

पाहुणे हे निमित्त होतं, साहेब. ज्या जमिनीवरून प्रेत जातं, ती वाट कायमची गावाची होते, हा आमचा रिवाज तुम्हाला पक्का ठाऊक होता.

आता माझी पाळी. वैद्य म्हणतो, आठवडा निघणार नाही. तुमच्या लेकीची लग्नाची मेजवानी त्यानंतर आहे, तळ्याकाठी, फाटकं सताड उघडी टाकून. मुलांना बजावलंय, तोवर मला घरातच ठेवा, मग त्या उघड्या फाटकांतून बांधावरून चर्चला न्या. पत्र लिहिणारी नात टॅबिथा नाक मुरडते, "आजी, वास सुटेल गं!" म्हटलं, "सुटू दे. वऱ्हाडाला आमंत्रणाशिवाय आलेलं माणूस ओळखू यायला नको?"

मग गावची डुकरं रोज तुमच्या चंद्राकाठून बाजारला जातील.

टॅबिथा विचारते, पत्र कधी धाडू? वेडी पोर! धाडलं तर फाटक बंद होईल. शवपेटीत माझ्या हाताशी ठेव.

तुमच्या बांधावरची पहिली वाटसरू,
डॉर्कस
(तिच्या हातची फुली)