जावेचं आधार कार्ड

कारंजा, मंगळवार संध्याकाळ

१. इंझोरीच्या मुखकर्करोग शिबिरात शोभाताईंच्या डाव्या गालात पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढला, बाटलीवर नाव मी त्यांनी दिलेल्या आधार कार्डावरून लिहिलं.
२. अहवालात कर्करोग निघाला.
३. सरकारी योजनेतून मोफत शस्त्रक्रियेसाठी केलेला त्यांचा अर्ज आज परत आला. अहवालावर नाव त्यांच्या जावेचं आहे.

विचारलं तर म्हणाल्या, "माह्यं आधार सापडलं नाही, तं जावेचं आणलं. तोंड तं माह्यंच पाह्यलं ना, मॅडम?"

जाऊ शेजारीच होती. "आता आपरेशन बी माह्यंच करतीन," ती म्हणाली. दोघी हसल्या. मला हसता आलं नाही.

कार्डावरचा फोटो मी पाहिलाच नव्हता. रांग मोठी होती, पण ते काही कारण नव्हे.

तो चट्टा मात्र मी तेव्हाच नोंदवहीतल्या तोंडाच्या आकृतीत मापासह काढला होता. आज पुन्हा मोजला. जागा तीच आहे. थोडा वाढलाय.

जिल्हा कार्यालयाच्या पत्राचा शेवट असा ठेवते: फोटो न पाहता नाव लिहिलं, ही चूक माझी. आकृती जोडली आहे. नावाची दुरुस्ती चालेल की पुन्हा तुकडा काढायचा, ते शुक्रवारपर्यंत कळवावे.