दर्भाचा कावळा

दुर्गाघाट, काशी
ऑक्टोबर १९४८

ती. सौ. आईस, शरदिनीचा नमस्कार.

कल्याणच्या छावणीत तुझा ताप उतरला का? माझी काळजी नको. काकू पोटभर जेवायला घालते. शाळेत मुली मला 'पाकिस्तानवाली' म्हणतात, पण आता मीही हिंदीत भांडते.

काकांवर मात्र मी फार रागावले आहे. कराचीत मागे राहिलेल्या बाबांचं वर्षभर पत्र नाही, म्हणून काल त्यांनी घाटावर बाबांचे पिंड ठेवले. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, असं काकूसुद्धा म्हणाली. कावळा शिवेना. काका हात जोडून म्हणाले, "दादा, शरूचं लग्न मी करून देईन." तरी शिवेना. मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल. तर त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि स्वतःच्या हाताने पिंडाला लावला.

हा कावळा कराचीला जाऊन बघून आला का, असं मी विचारलं. काका रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही.

ते तुला लिहितील, कावळा शिवला म्हणून. तो दर्भाचा होता. पाकिटावरही मी ठळक अक्षरात सौ. लिहिलंय. कुंकू पुसू नकोस.

तुझी आणि बाबांची,
शरू