डोळे मिटून घाट

अगं,
तुझ्या दिराचं पत्र आठवतं? ‘दादा, आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा ऑटोमॅटिक काढून हाताचे गिअर बसव. डोळे गेले तरी गिअरच्या आवाजावरून मला घाट कळेल.’ मी उत्तरच दिलं नाही. पुस्तकात बघत गिअरचं किट बसवलं, पण नुसत्या आवाजावरून घाट कळेल असा भरवसा वाटेना.

आज मेकॅनिकला चालवायला दिली आणि शेजारी डोळे मिटून बसलो. दुसरा गिअर पडला, चढ लागला. तिसरा पडला, वारा मोकळा झाला.

“काका, झोपलात की काय?”

झोपलो नव्हतो गं, घाटात होतो.

मी खाली क्लचचा सराव करतोय. गाडी बंद पडली तर खिडकीतून हसू नकोस. त्याच्या पत्राचं उत्तर टपालपेटीत टाकून आलोय: ‘रविवारी न्यायला येतो.’