जावईबापूंच्या दारावरची पाटी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे हा नमस्कार फक्त कागदावर पुरा आहे, समोर असतीस तर अर्ध्यातच अडकलो असतो आणि तुलाच मला उठवावं लागलं असतं.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, आणि आता समोरच्या इमारतीतल्या बाई रोज कुठली साडी वाळत घालतात तेही तुला दिसतं, असं कळलं. फार बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा, वाकून केर काढू नकोस, आणि एका डोळ्यानं का होईना, हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवरच सांगणार होतो, पण 'तू बोलूच नकोस' म्हणून तू जो आपटलास तो अजून माझ्या कानात आपटतोय. पत्र आपटता येत नाही, एवढ्याच आशेवर लिहायला बसलो आहे.

तर पाटीबद्दल. तुझ्या लेकीनं तुला जे सांगितलं ते अक्षरशः खरं आहे. पाटी मीच दिली. तिच्यावर तो शब्द होता, जावईबापूंच्या नावाच्या बरोबर खाली होता, आणि सोनेरी होता. फक्त तो मी लिहिलेला नव्हता. हे आता कुणाला पटत नाही, एका तुझ्या भावजयीला पटतं, पण ती म्हणते, "तुम्हाला एवढं सुचलंच नसतं." या आधाराला आधार म्हणायचं की काय, ते तू ठरव.

मुळापासून सांगतो. आमच्या गल्लीतल्या ट्रॉफीवाल्यानं दुकान आवरलं तेव्हा त्याचं कोरीवकामाचं लहान यंत्र मी घेतलं. टेबलाएवढं असतं. वरून एक फिरतं पातं खाली येतं आणि कंप्युटर सांगेल तसं लाकूड कोरत जातं. निवृत्त माणसाला छंद हवा, असं सगळेच म्हणतात. (छंद लागल्यावर मात्र तेच सगळे दार लावून घेतात. भुसा पिठाच्या डब्यात जातो म्हणून हिनं यंत्राची रवानगी मागच्या गॅलरीत केली, आणि माझीही.) पण ट्रॉफीवाल्याचा कंप्युटर गेला त्याच्या मेहुण्याकडे, आणि चित्रं काढायचं सॉफ्टवेअर त्या कंप्युटरबरोबर. म्हणजे हातपाय माझ्याकडे आले आणि डोकं मेहुण्याच्या घरी राहिलं.

तेव्हापासून मी डोकं शोधत होतो. ताई, तुला नवरा शोधताना आपल्या आईला जेवढा त्रास झाला नसेल तेवढा मला हे शोधताना झाला. पहिलं स्थळ फुकट होतं, पण ते इंटरनेटवरच राहणारं. आमच्याकडचं इंटरनेट गेलं की तेही माहेरी निघून जायचं, आणि जाताना माझं चित्र घेऊन जायचं. दुसरं नामांकित. सगळे त्याचंच नाव घेतात. पण ते विकत मिळत नाही, दर महिन्याला भाडं भरायचं. भाडं थांबलं की आपलंच चित्र आपल्याला दाखवत नाही. तिसरं एकदाच पैसे देऊन कायमचं आपलं होणारं, गुणी, वळणाचं. पण किंमत ऐकल्यावर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीचा अर्थ मला नव्यानं कळला. त्यातून एकानं मापं इंचात धरली आणि मी मिलिमीटरमध्ये दिली, तेव्हा हिच्या पोळपाटावर नक्षी काढायला गेलेलं पातं पोळपाट ओलांडून गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेलं. ती नक्षी अजून तिथे आहे. ही रोज टॉवेल वाळत घालून ती झाकते.

पण खरी अडचण अक्षरांची होती. तुला ठाऊक आहे, उभं आयुष्य मी छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलं. र्‍हस्वाचं दीर्घ झालेलं मला दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतही सहन होत नाही. तुझ्या लेकीच्या नव्या घराचं नाव 'विश्रांती' ठरलं आणि मी मनाशी म्हटलं, दारावरची पाटी मामाकडून. तर या सगळ्या सॉफ्टवेअरांत 'विश्रांती' लिहिलं की त्या शब्दाला विश्रांती म्हणून मिळत नव्हती. वेलांटी व-ला सोडून श-च्या गळ्यात पडायची, श आणि र यांचा काडीमोड व्हायचा, आणि अनुस्वार दोघांच्या मध्ये साक्षीदारासारखा लोंबकळत राहायचा. पैसे वाचवायला मी तयार होतो, पण भाचीच्या दारावर अशुद्धलेखन? ते नाही.

आता तू विचारशील (मीही रोज स्वतःला विचारतो), की जावईबापूंना का नाही विचारलं? ते ज्या फर्निचरच्या कारखान्यात होते तिथे इतकी वर्षं ते हेच करत होते. आमच्या यंत्राच्या दहापट मोठ्या यंत्रांसाठी चित्रं काढायचे. कारखाना बंद पडल्यावर एकदा आमच्याकडे आले होते, तेव्हा गॅलरीत जाऊन बराच वेळ यंत्राजवळ उभे राहिले. पात्यावरचा भुसा बोटानं पुसला. म्हणाले, "मामा, यातलं काही अडलं तर मला सांगा हं. मी घरीच असतो." मी म्हटलं, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास." मला वाटलं, मी फार समजूतदारपणा केला. एक तर पाटी त्यांनाच द्यायची होती, गुपित फुटलं असतं. शिवाय घरी बसलेल्या जावयाला काम सांगणं म्हणजे त्याच्या घरी बसण्यावर बोट ठेवणं, असा माझा हिशेब. त्यांनी मान हलवली आणि चहा अर्धा ठेवून गेले. तो अर्धा कप मला तेव्हा वाचता आला नाही. प्रुफं तपासणाऱ्याला, बघ.

मग मला चौथं सापडलं. कुणा होतकरू माणसानं एकट्यानं बनवलेलं, खास आपल्या अक्षरांसाठी. किंमतही परवडणारी. त्यात 'विश्रांती' लिहिलं आणि पडद्यावर श्र असा उमटला, की मी हिला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. (ती आली, बघितलं, "यासाठी?" म्हणाली आणि गेली.) तेही आधी काही दिवस फुकट वापरून बघायची सोय होती. मी म्हटलं, एकच तर पाटी आहे. ही फुकटात काढू, पसंत पडलं तर पुढच्या कामाला विकत घेऊ. अटींचा मजकूर आला तो बारीक अक्षरांत होता. लोकांचा बारीक मजकूर वाचण्याचाच मी पगार घेत होतो, आणि स्वतःच्या वेळी मी न वाचता 'मान्य आहे'वर बोट दाबलं. अट अशी होती, की फुकट प्रतीतून जे काही कोराल त्याच्या तळाशी ते आपणहून एक शब्द कोरील. पडद्यावर दाखवणार नाही, थेट लाकडावर कोरील. तो शब्द म्हणजे 'नमुना'. म्हणजे ही विकत घेतलेली प्रत नव्हे, केवळ नमुना, असा त्या बिचाऱ्याचा सरळ अर्थ.

पाटी कोरून झाली. मी भुसा फुंकला. वर 'विश्रांती', खाली तुझ्या लेकीचं नाव, त्याखाली जावईबापूंचं. श्र इतका देखणा आला होता की मी त्याच्याकडेच बघत राहिलो. खाली केसाएवढ्या रेघांत आणखी काही आहे, ते भुशानं भरलं होतं आणि मी तितकं खाली पाहिलंच नाही. तशीच पॉलिशवाल्याकडे धाडली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, मोठी अक्षरं सोनेरी केली. खालची बारीकपण भरू का?"

मला वाटलं, नावं म्हणतोय. मी म्हटलं, "भर की! एकही सोडू नकोस."

"बारीक आहेत, पण चमकवतो."

"चमकव," मी म्हणालो. ताई, मी स्वतःच्या तोंडानं 'चमकव' म्हणालो.

पुढचं तू ऐकलंच आहेस. नवं घर बघायला दोन्हीकडची माणसं दारात जमलेली. दारावर लावलेल्या पाटीवरचा कागद मीच फाडला, आणि मी पाटीकडे नाही, लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. आधी जावईबापूंचे थोरले भाऊ हसले. "मामांनी बरोबर ओळखलं बुवा!" म्हणाले. मग मागचे हसले. मला वाटलं, कौतुक चाललंय, म्हणून मीही हसलो. (हे मला सगळ्यात जास्त टोचतं.) मग मी पाटी वाचली. जावईबापूंनी ती आधीच वाचलेली होती. ते शांतपणे म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे, मामा." तुझी लेक आत निघून गेली. मी घाईघाईनं खुलासा करायला गेलो, की अहो हे मुद्दाम नाही, सॉफ्टवेअर फुकटातलं होतं ना, म्हणून असं होतं. तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे पाटी फुकटातली?"

ताई, कारखाना बंद झाल्यापासून त्या माणसाला जो तो काहीतरी चिकटवतोच आहे. मी तेवढं सोनेरी अक्षरांत चिकटवलं. आणि त्यांना विचारलं असतं, तर अर्ध्या तासात त्यांनी योग्य सॉफ्टवेअर सांगितलं असतं, चित्रही काढून दिलं असतं, आणि चहा पुरा प्यायले असते. त्रास नको म्हणून मी त्यांना जे नाकारलं, त्याचीच ते वाट बघत होते, हे आता कळून काय उपयोग. माझ्या बाजूनं तू लेकीशी बोल, असं मी म्हणणार नाही. फक्त खरं काय ते तुला ठाऊक असावं. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या डोळ्यांना विसावा.

तुझा,
धाकटा

ता. क. लिहू की नको असं करत होतो. आमच्या वाचनालयाच्या बाईंना कपाटांवर लावायला लाकडी पाट्या हव्या आहेत, 'कथा', 'चरित्रं', 'बालवाङ्मय' अशा. (यातला 'ङ्म' कुठल्या सॉफ्टवेअरात नीट येईल, देव जाणे.) मी हो म्हणून बसलो आहे. शिवाय "आमच्याकडे या कामातला खास माणूस आहे" असंही सांगून बसलो आहे. खास माणसाला अजून पत्ता नाही. तू एकदा जावईबापूंच्या कानावर घालशील का? सॉफ्टवेअर त्यांनी निवडावं. या वेळी विकतच घेऊ.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तोच तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणजे ती माझ्याशी बोलली! पाटी काढायला ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात गेली होती, तर जावईबापूंनी काढू दिली नाही. म्हणाले, "राहू दे. पाहुणे दारातच हसून घेतात. मग आत आल्यावर 'सध्या काय करता?' असं कुणी विचारत नाही." ताई, आता त्यांना कामाचं कसं विचारायचं, मला खरंच सुचत नाही. तूच विचार. मी सांगितलंय असं मात्र म्हणू नकोस.

नाही, थांब. म्हण. मामांचं अडलंय, असंच सांग.